भेटीच्या रविवारची अर्धी गोळी

आमच्या संस्थेत दर पंधरवड्याला डॉक्टर येतात. सांगलीतलेच आहेत, माणूस चांगला आहे, उगाच नावं ठेवणार नाही. प्रत्येक पेशंटच्या रोजच्या गोळ्या बघतात आणि काहींच्या कागदावर शेवटी एक ओळ लिहितात, बेचैनी वाढली तर अर्धी गोळी द्यावी. मग गाडीत बसून निघून जातात. बेचैनी कशाला म्हणायचं आणि वाढली म्हणजे किती वाढली, हे आम्ही ठरवायचं. आम्ही म्हणजे अटेंडंट. कुणी चौथी शिकलेली, कुणी दहावी नापास. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, पण डॉक्टरांना तरी काय बोलायचं, ते काय इथं येऊन राहणार आहेत?

पेशंट म्हणजे मनाचा आजार असलेली माणसं, ज्यांना घरी ठेवणं घरच्यांना जमत नाही अशी. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, मध्ये जेवणाचा हॉल. मी बायकांकडं असते. आधी स्वयंपाकाला होते, नंतर एक मावशी सोडून गेली तेव्हा मला इकडं घेतलं. चपात्या लाटण्यापेक्षा हे बरं, असं तेव्हा वाटलं होतं.

त्या अर्ध्या गोळीबद्दल आमच्यात प्रत्येकाचं मत वेगळं. मॅडम, म्हणजे दिवसपाळीच्या मुख्य, त्यांचं म्हणणं असं की तहान लागल्यावर विहीर खणायची नाही. बाई येरझाऱ्या घालायला लागली, पदराला गाठी मारायला लागली, की लगेच गोळी. पुढचा तमाशा कशाला बघायचा? पुरुषांच्या बाजूला एक लोणंदचा गडी आहे, पूर्वी तिथल्या कांद्याच्या बाजारात पोती उचलायचा. तो मॅडमच्या अगदी उलट. माणूस ओरडतोय म्हणजे त्याला काहीतरी सांगायचं असतं, तुम्ही त्याचं तोंडच बंद करता, असं तो आम्हाला सुनावायचा. मोठा आला कीर्तनकार. एकदा एका पेशंटनं त्याच्या दंडाला असा चावा घेतला की बास. तेव्हा गोळीच्या कपाटाकडं सगळ्यात आधी पळत कोण आलं होतं, ते मी त्याला अजून ऐकवते. तो हसतो. म्हणतो, मावशी, ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

मला विचाराल तर मला मत-बित काही नव्हतं. ओरडणं चालू असलं की गोळी द्यायची, थोड्या वेळानं ओरडणं थांबतं, मग मी चहा पिते. पहिल्या वर्षी वाईट वाटायचं. नंतर वाईट वाटणं कधी गेलं ते कळलं नाही. सारखा तवा धरून बोटांची कातडी जाड होते, तसंच काहीतरी झालं असणार.

भेटीच्या रविवारची पद्धत मात्र डॉक्टरांनी सांगितलेली नाही, ती आमची आम्हीच पाडली. एका म्हाताऱ्या मास्तरांचा मुलगा भेटायला आला होता, सुनेला आणि नातवाला घेऊन. मास्तरांनी समोरचं ताट उचललं आणि भिरकावलं. नातवाच्या कपाळाला लागलं. मास्तरांचा मुलगा पुन्हा आला नाही. फोन केला की म्हणायचा, बरे आहेत ना, मग झालं तर. मास्तर दर रविवारी दाढी करून फाटकाकडं तोंड करून बसायचे. शेवटपर्यंत बसले. त्यानंतर आम्ही ठरवलं, ठरवलं म्हणजे कुणी मोठ्यानं बोललं नाही, पण ज्यांच्या घरचे यायचे असतील आणि ज्यांच्या कागदावर ती ओळ असेल, त्यांना सकाळच्या चहाबरोबरच अर्धी गोळी. मग वेणी, पावडर, धुतलेली साडी. घरची माणसं येतात, बघतात, म्हणतात, किती शांत झाली हो. आणि परत येतात. याला बेचैनी म्हणत नाहीत हे काय आम्हाला कळत नाही? पण परत येतात. यात पाप आहे असं मला कधी वाटलं नाही. पुण्य आहे असंही वाटलं नाही.

आता माझ्या बहिणीचं सांगते. ती धाकटी. आम्ही पाटणकडच्या, कोयनेच्या काठच्या. तिचं लग्न झालं आणि दुसऱ्या वर्षी तिला माघारी आणून सोडलं. ती समोर नसलेल्या माणसांशी बोलायची, अंगावरचे कपडे फाडायची, चूल पेटवून तिथंच उभी राहायची. आई होती तोवर आईनं सांभाळली. आई गेल्यावर भावानं तिला साताऱ्याच्या एका संस्थेत ठेवली, त्याला पाटणहून जवळ पडते म्हणून. जवळ पडते तरी तो जात नाही ते सोडा. मी जाते. मला एक सोडून एक रविवारी सुट्टी असते, त्या रविवारी सकाळची एसटी धरून सांगलीहून कराडवरून साताऱ्याला. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून गाडीत बसायला जागा मिळत नाही, कराडपर्यंत दांडीला धरून उभं राहायचं. पण गेले नाही असा माझा सुट्टीचा रविवार क्वचितच.

आणि दर भेटीला ती कशी असायची? शांत. तेल लावून घातलेली वेणी, कपाळावर टिकली, व्हरांड्यातल्या बाकावर बसलेली. मी डब्यातून भरलेली वांगी नि भाकरी काढायची, ती खायची. बरी आहेस का, व्हय. जेवण चांगलं देतात का, व्हय. दादाची आठवण येते का, व्हय. कोरडे पडलेले ओठ, जिभेनं ते सारखे ओले करणं, चप्पल घासत चालणं, हे सगळं मला ओळखता येत नव्हतं असं नाही. रोज तेच तर बघते. तिला सकाळीच अर्धी दिली आहे हे मला फाटकातून आत येतानाच कळायचं. मी काही बोलले नाही. काय बोलणार? आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं बघायचं वाकून, हे आम्ही अटेंडंट लोकांनी तरी करू नये. शिवाय खरं सांगायचं तर मला ते सोयीचं होतं. आठवडाभर मी ओरडणंच ऐकते. सुट्टीच्या दिवशी सख्ख्या बहिणीजवळ थोडं गप्प बसायला मिळायचं.

मागच्या वर्षी माझ्या लेकीचं लग्न झालं आणि घरात एक खोली मोकळी झाली. आमचे मालक फौजेतून रिटायर झालेत, बोलणं कमी. एक दिवस जेवताना आपणहून म्हणाले, तुझ्या बहिणीला आणूया का इकडं? माझा घास हातातच राहिला. इतक्या वर्षांत हा विचार मी केला नव्हता, कारण करून उपयोग नव्हता. मी म्हणाले, शांत असती ती, काही त्रास व्हायचा नाही.

मालक म्हणाले, "अगं, गोळीवरचं माणूस कुणीबी सांभाळंल. गोळीशिवाय कशी हाय ती बघून ये. मग आणू."

बोलणं सरळ होतं. घरात आणल्यावर दिवसभर तिला अर्ध्या गोळीवर ठेवायची म्हणजे संस्था काय वाईट होती? ती खरी कशी आहे, तेवढं बघायचं. जमण्यासारखी असली तर घरी, नाही तर जिथं आहे तिथं. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. मी त्या खोलीतला पत्र्याचा पेटारा हलवला, भिंतीला चुना मारून घेतला. मन मेलंय म्हणायचे मी माझं, पण ते कुठंतरी धुगधुगत होतं म्हणायचं.

सुट्टीच्या रविवारच्या आधी मी साताऱ्याला फोन लावला. तिथल्या बायकांच्या बाजूची मावशी माझ्याच वयाची आहे. मी म्हणाले, रविवारी मी येतेय, तिला सकाळची अर्धी देऊ नका. ती म्हणाली, आम्ही कुठं देतो? मी म्हणाले, बाई, मीपण हेच काम करते. मग ती हसली. म्हणाली, आवं, तुमच्यासाठीच देतो की. माणूस रडत बाहेर गेलं की परत येत न्हाई, तुमाला काय सांगायचं? मी म्हणाले, मला सांगू नका, मी येणार आहे, फक्त देऊ नका. तिनं कबूल केलं.

रविवारी गेले. बाकावर बहीण बसलेली. वेणी, टिकली, ओठ कोरडे. मी जवळ गेले, हनुवटी वर केली. डोळे अर्धे मिटलेले. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तशीच आत गेले आणि त्या मावशीला नाही नाही ते बोलले. एवढं सांगून तुमच्या हाताला काय रोग लागला होता का, इथवर बोलले. व्हरांड्यातली दुसरी माणसं बघायला लागली. मावशीनं ऐकून घेतलं. कुणाची म्हैस आणि कुणाला उठबैस, तिला तरी काय पडली होती? मग मला कोपऱ्यात घेऊन गेली आणि हळू आवाजात सांगितलं की तिनं चहाबरोबर गोळी दिलीच नव्हती. दिली नाही म्हटल्यावर माझी बहीण कपाटापाशी येऊन उभी राहिली आणि हात पुढं केला. नको म्हटलं तर हलेना. रडायला लागली. पेशंटनं स्वतः मागितली तर द्यायची असं त्यांच्या डॉक्टरांनीच सांगून ठेवलं होतं, आणि त्यात डॉक्टरांचं चुकलं असं मला म्हणता येणार नाही. एखाद्याला आपलं आपल्याला कळतं, आतून काहीतरी चढायला लागलंय म्हणून. आमच्याकडंही एक बाई अशी मागून घेते.

पण हिला काय चढत होतं? मी बाकावर जाऊन बसले. डबा उघडला. तिनं वांगं खाल्लं. मी विचारलं, गोळी का मागितलीस गं?

ती बराच वेळ चावत राहिली. मग म्हणाली, "गोळी खाल्ली की तू येतीस."

मला आधी काही कळलंच नाही. मग कळलं. गोळी घ्यायला पेशंट तोंड उघडत नाही तेव्हा आम्ही काय करतो? दामटून घालता येत नाही, थुंकून टाकतात. मग गोड बोलायचं. घे गं राणी, घे, गोळी घेतली की घरची माणसं भेटायला येतील. साताऱ्यात काय नि सांगलीत काय, सगळीकडं हेच. कुणी शिकवत नाही, आपसूक तोंडात येतं. पेशंटला दुसऱ्या दिवशी आठवत नाही असं आपण धरून चालतो. माझ्या बहिणीनं आठवण ठेवली. तिनं गोळी घेतली आणि दर वेळी मी आले. एकदाही खोटं ठरलं नाही. मीच ठरू दिलं नाही, इमानेइतबारे एसटी धरत राहिले.

तिथं बाकावर मला रडायला यायला पाहिजे होतं. आलं नाही. मी तिला सांगितलं की मी गोळीमुळं येत नाही, मी अशीच येते. ती म्हणाली, व्हय.

निघताना मी त्या मावशीची माफी मागितली. ती म्हणाली, जाऊ द्या ओ, आमाला सवय हाय. मग मीच तिला म्हणाले, रविवार सोडून येते, न सांगता येते. येणार आहे हे तिला ठाऊकच नसलं की ती कशाला मागेल? मावशीला ते पटलं. तिनंच सांगितलं की मधल्या वारी या, ती बरी असती, सकाळी बायकांच्यात बसून धान्य निवडती.

बुधवारी रजा टाकली. मॅडमना सांगितलं, दातांच्या डॉक्टरांकडं जायचंय. साताऱ्याला उतरले तेव्हा मी बाजारातून तिच्यासाठी नवीन चप्पल घेतली, घरी न्यायची तर पायात धड असावं म्हणून. एवढी खात्री मला कशाची होती कुणास ठाऊक.

मावशी मला मागच्या दारानं घेऊन गेली. आतल्या चौकात ऊन आलं होतं. पाच-सहा बायका सुपं घेऊन तांदूळ निवडत बसल्या होत्या. आणि त्यांच्यामध्ये माझी बहीण बोलत होती. बोलत होती म्हणजे कशी, हातवारे करून, भुवया उडवून. आमच्या वडिलांचा एक बैल होता, तो नदीत शिरला की बाहेर यायचाच नाही, वडील काठावरून शिव्या द्यायचे आणि तो तिकडं तोंड फिरवून उभा राहायचा. ती वडिलांच्या शिव्या वडिलांच्याच आवाजात देत होती. बायका हसत होत्या. तीही हसत होती, खालचे दात दिसतील इतकी. ती मध्येच बाजूला वळून कुणाला तरी गप बस म्हणाली, तिथं कुणी नव्हतं, पण लगेच परत गोष्टीवर आली. एवढंच. एवढं तर मी आयुष्यभर सांभाळलं असतं.

ते हसणं मी आई गेल्यापासून ऐकलं नव्हतं. मला आनंद झाला. असा आनंद की मी भिंतीला धरून उभी राहिले. मनात म्हणाले, जमतंय की गं बाई. आजच मालकांना फोन करते.

मग मी पुढं झाले आणि हाक मारली.

तिनं वर बघितलं. हसणं थांबलं. माझ्याकडं बघत राहिली, नीट, टक लावून, कधी बघत नाही इतकं. मावशी म्हणाली, आगं, तुझी आक्का आलीया.

"न्हाई," ती म्हणाली. "ही आक्का न्हाई. मी अजून गोळी खाल्ली न्हाई."

मी म्हणाले, मीच आहे गं, बघ की, वांगी आणलीत. मी एक पाऊल पुढं टाकलं तशी ती सुपासकट उठली. तांदूळ सगळीकडं झाला. ती भिंतीकडं सरकत गेली आणि ओरडायला लागली. कोण हाय ही, आक्काचं तोंड लावून आलीया, हाकला हिला, माझी आक्का कुठं केली हिनं. मी हात धरायला गेले तर तिनं माझ्या तोंडावर नखं ओढली. बाकीच्या बायका उठल्या, एक रडायला लागली, दुसरीनं कानावर हात ठेवले. सगळा चौक खवळला. ती भिंतीवर डोकं आपटायला लागली तेव्हा मावशीनं आणि आणखी एकीनं तिला दोन्ही बाजूंनी धरलं.

मावशीनं माझ्याकडं बघितलं. तिला गोळी द्यायचीच होती, तिच्या जागी मी असते तर कधीच दिली असती. पण ती माझ्यासाठी थांबली होती.

"द्या," मी म्हणाले.

गोळी बघितल्यावर तिनं ओरडणं आपणहून थांबवलं. हात पुढं केला, गोळी तोंडात टाकली, पाणी प्याली. मग माझ्याकडं पाठ करून भिंतीशी बसली आणि वाट बघायला लागली. मी मागं, लांब, पायरीवर बसले. कुणीतरी मला गालाला लावायला हळद आणून दिली. ऊन सरकत गेलं. बायकांनी तांदूळ गोळा केला. तिचे खांदे हळूहळू खाली आले, मान थोडी वाकली. मग ती वळली. ओठ जिभेनं ओले केले.

"आक्का," ती म्हणाली, "कवा आलीस?"

मी म्हणाले, आत्ताच. तिनं वांगं खाल्लं. मी नवी चप्पल तिच्या पायात घालून दिली, तिनं घालून घेतली. बैलाचं काय झालं गं पुढं, मी विचारलं. ती म्हणाली, व्हय.

संध्याकाळी घरी आले. मालकांनी गालाकडं बघितलं, पण आधी त्याचं विचारलं नाही. ताट वाढून घेतलं होतं त्यांनी, माझंही वाढलं होतं. मी हात धुऊन बसले.

"गोळीशिवाय बघितलीस का?" ते म्हणाले.

"बघितली. लय चांगली हाय. हसती, गोष्टी सांगती."

"मग आणू की."

"मी समोर नसंल तवा," मी म्हणाले. "आवं, मी समोर नसंल तवाच चांगली हाय ती."

त्यांनी आपली भाकरी मोडून माझ्या ताटात अर्धा तुकडा ठेवला आणि मी तो खाल्ला.